घरातलं एकुलतं मत

“ताई, आमच्या अख्ख्या घराचं मत तुझ्याकडे आहे, लक्षात आहे ना?” तेजू फोनवर म्हणाली आणि हसली. अगदी सहज म्हणाली, येताना दूध घेऊन ये सांगावं तसं. पण लाइट रेलच्या दांडीला धरलेला चित्रलेखाचा हात घामाने निसटला आणि गाडीने वळण घेतलं तेव्हा ती शेजारच्या म्हाताऱ्याच्या खांद्यावर जाऊन आदळली. “यू राइट, लव्ह?” त्याने विचारलं. तिने मान हलवली. कॅनबेरातल्या गुंगालिन उपनगराहून शहराकडे जाणारी सकाळची गाडी, खिडकीतून आत येणारं ऑक्टोबरचं कोवळं ऊन, गळ्यात सरकारी ओळखपत्रं अडकवलेली माणसं, सगळं रोजचंच होतं. तिकडे अमेरिकेत हॅरिसबर्गला अजून कालची संध्याकाळ चालू होती. ऑफिसातून घरी जाताना गाडी चालवत बोलायची तेजूची सवय होती, त्यामुळे मागे सिग्नलचे, हॉर्नचे आवाज यायचे. “ताई, ऐकतेयस ना? पाठवलंस का?” तेजूने पुन्हा विचारलं. “अजून नाही,” चित्रलेखा म्हणाली. “पाठव गं बाई लवकर. इथे लोक म्हणतात, या वेळी एकेक मत मोजावं लागणार आहे.” फोन बंद झाल्यावरही चित्रलेखाने तो कानाशीच धरून ठेवला. आपल्याला भीती वाटते आहे हे तिला कळत होतं. कशाची, ते मात्र नीट सांगता आलं नसतं. निवडणुकीची म्हणावी तर ती रोजच्या बातम्यांत होतीच, आणि बातम्यांची भीती अंगवळणी पडते. ही भीती वेगळी होती. कुणीतरी झोपलेलं मूल आपल्या हातात दिलं आणि खोलीतून निघून गेलं, तशी.

चित्रलेखा अमेरिकन नागरिक होती, पण त्यात तिचं काही कर्तृत्व नव्हतं. वडील पिट्सबर्गला पीएचडी करत होते तेव्हा ती जन्मली, आणि चालायला लागायच्या आत सगळे पुण्याला परत आले. तेजश्री पाच वर्षांनी जन्मली, ती पुण्यात. लहानपणी चित्रलेखाला या गोष्टीचा भारी अभिमान वाटायचा आणि तेजू रडायची, मला पण तिकडे जन्माला घाला म्हणून. मोठेपणी चित्रलेखा नोकरीसाठी हॅरिसबर्गला गेली, बरीच वर्षं राहिली, आणि तेजूच्या नवऱ्याला, श्रेयसला, त्याच भागात बदलीची संधी आली तेव्हा तिनेच तेजूला सांगितलं, या इकडे, मी आहे. ते आले. त्यानंतर दोन वर्षांत चित्रलेखाच्या नवऱ्याला, हृषिकेशला, कॅनबेराचं काम मिळालं आणि चित्रलेखा इकडे निघून आली. तेजू आणि श्रेयस ग्रीन कार्डच्या रांगेत तिथेच राहिले. रांग पुढे सरकत नव्हती. दर तीन वर्षांनी व्हिसाचं नूतनीकरण, दर वेळी तोच जीव मुठीत धरणं. आणि या निवडणुकीतला एक उमेदवार बाहेरून आलेल्यांना हाकलण्याची भाषा करत होता. त्यांची स्वरदा तिथे जन्मली म्हणून नागरिक, पण ती होती सहा वर्षांची. म्हणजे घरात मत देऊ शकणारी एकटी चित्रलेखा, आणि तिचा शेवटचा अमेरिकन पत्ता हॅरिसबर्गचा, त्यामुळे इतक्या दुरून दिलेलं तिचं मत पेनसिल्व्हेनियातच मोजलं जाणार होतं. दोन्ही पक्ष ज्या राज्यावर टपून बसले होते, नेमकं तिथे.

आणि तिने मनाशी ठरवलं होतं की दोघांपैकी कुणालाच मत द्यायचं नाही.

हे कधी ठरलं? ठरवलं असं म्हणण्यापेक्षा ते आत कुठेतरी साचत गेलं होतं. ऑफिसात तिच्या शेजारच्या डेस्कवर नजवा बसायची. नजवाचा जन्म सिडनीचा, पण तिच्या आईचं गाव दक्षिण लेबनॉनमधलं. सप्टेंबरच्या शेवटी त्या गावावर बॉम्ब पडायला लागले आणि नजवाची मावशी, जी घर सोडायला तयार नव्हती, तिचा फोन लागेनासा झाला. नजवा रोज ऑफिसला येत राहिली. लिपस्टिक लावून, वेळेवर. फक्त जेवणाच्या सुट्टीत डबा उघडायची नाही. एका दुपारी चित्रलेखाने तिच्यासमोर चहा ठेवला तेव्हा ती स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाली, “यू गेट अ व्होट ओव्हर देअर, डोन्ट यू?” तिच्या आवाजात आरोप नव्हता. आरोप असता तर बरं झालं असतं. चित्रलेखा हो म्हणाली आणि आपल्या जागेवर येऊन बसली. त्यानंतर मतपत्रिकेचा विचार आला की तिला दोन मोठ्या पक्षांची दोन नावं दिसायची आणि दोन्ही नावांपाठीमागे नजवाच्या मावशीचं ते न पाहिलेलं घर दिसायचं. एकाच्या सरकारने ते बॉम्ब पुरवले होते, दुसरा म्हणत होता, मी असतो तर हात आखडता घेतला नसता. यातल्या कुणासमोर खूण करायची म्हणजे ‘हो’ म्हणायचं. ते तिच्या हाताला जमेल असं तिला वाटेना. मतपत्रिकेवर खाली तिसऱ्या पक्षाचं नाव होतं. ते कधीच निवडून येणार नाही हे सगळ्यांना ठाऊक असलेलं. त्या नावापुढे खूण करता येईल असं तिला वाटायचं, आणि लगेच तेजूचा आवाज यायचा, आमच्या अख्ख्या घराचं मत.

त्या शनिवारी इथलीही निवडणूक होती, कॅनबेराची स्थानिक. दोघांना इथलंही नागरिकत्व मिळालं होतं, हृषिकेश आणि ती मत द्यायला चालत शाळेत गेले. दारात कांदा-सॉसेज भाजल्याचा वास, रंगीत टी-शर्ट घातलेले कार्यकर्ते, कुणाच्या तरी कुत्र्याच्या गळ्यात रिबन. आत जाऊन तिने एका अपक्ष बाईंपुढे एक हा आकडा लिहिला, मग बाकीच्यांपुढे पसंतीने दोन, तीन, चार, पाच. तिला इथली ही रीत फार आवडायची. तुमचा आवडता माणूस पडला तर तुमचं मत उठून पुढच्याकडे जातं. मन आणि व्यवहार, दोन्ही एकाच कागदावर मावतात. पाच हा आकडा लिहिता लिहिता तिच्या मनात आलं, तिकडे असं नाही. तिकडे एकच खूण. ती ज्याच्यापुढे कराल त्याच्याबरोबर ती बुडते. बाहेर आल्यावर हृषिकेश सॉसेज खात म्हणाला, “तू त्या अमेरिकेच्या मताचं फार मनाला लावून घेतेयस, चित्रा. लाखो मतं असतात. तुझ्या एकाने काय होतंय?” तो चांगल्या मनाने म्हणत होता. “एकाने काही होत नसेल तर मग मनासारखं द्यायला काय हरकत आहे?” ती म्हणाली. “दे ना मग.” “आणि एकाने होत असेल तर?” हृषिकेशने बोटाला लागलेला सॉस टिपला. “मग तेजूला विचार,” तो म्हणाला.

तिने विचारलं नाही, सांगितलं. रविवारी सकाळी फोन केला. तेजूने नुकतीच स्वरदाला आंघोळ घातली होती, मागे तिचं गाणं ऐकू येत होतं. चित्रलेखाने जितकं सरळ सांगता येईल तितकं सांगितलं. नजवाबद्दल सांगितलं, हाताबद्दल सांगितलं. तेजूने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “म्हणजे तू आमच्यासाठी नाही देणार.”

“तसं नाही गं.”

“तसंच आहे, ताई. तुझ्या मैत्रिणीचं मला वाईट वाटतं. खरंच वाटतं. पण तू तिथे आहेस. आम्ही इथे आहोत. तुझा हात स्वच्छ राहील, आणि इथे जे व्हायचं ते आमचं होईल.”

“एका मताने…”

“एका मताने काही होणार नाही, मला कळतं. मला ते एक हवं होतं.” तेजूचा आवाज चढला नव्हता. “बरं, तिचे केस पुसायचेत. ठेवते.”

चित्रलेखाला त्या दिवसभर पुण्यातला टिळक टँक, त्यांचा पोहण्याचा तलाव, आठवत राहिला. ती बारा-तेरा वर्षांची, छातीपर्यंतच्या पाण्यात उभी. काठावर तेजू, लाल रंगाचा पोहण्याचा पोशाख, थंडीने दात वाजतायत. मास्तर दुसऱ्या टोकाला होते. “ताई धरेल,” तेजूने आजूबाजूच्या पोरींना ऐटीत सांगितलं होतं आणि मग काही न विचारता, एक-दोन-तीनसुद्धा न म्हणता, थेट उडी मारली होती. ती हवेत असतानाचा तो क्षण चित्रलेखाच्या अंगात अजून होता. पाण्याची भीती नव्हती तिला. वरून येणाऱ्या त्या चेहऱ्यावर शंकेचा ठिपकासुद्धा नव्हता, त्याची भीती वाटली होती. तिने धरलं होतं. दोघींच्या नाकातोंडात पाणी गेलं आणि तेजू खोकत खोकत हसत होती. पण धरल्यानंतरही कितीतरी वेळ चित्रलेखाचे पाय तळाला नीट लागत नव्हते.

ईमेलने आलेली मतपत्रिका तिने घरी छापली. जेवणाच्या टेबलावर ठेवली, त्यावर काही सांडू नये म्हणून आधी टेबल पुसलं. दोन दिवस ती तिथेच होती. हृषिकेश त्या टेबलाला वळसा घालून जायचा. तिसऱ्या दिवशी ऑफिसात नजवाच्या मावशीची बातमी आली. बाई जिवंत होती, शेजाऱ्यांनी तिला उचलून उत्तरेकडे नेलं होतं. घर उरलं नव्हतं. नजवा चहाच्या खोलीत सिंकला टेकून उभी होती आणि नळ चालूच होता. चित्रलेखाने तो बंद केला. घरी येऊन चपला न काढता ती टेबलाशी बसली आणि तिसऱ्या नावापुढचा गोल काळा केला. तिने तो सावकाश, कडेपर्यंत भरला. लहान मुलं भरतात तसा. दुसऱ्या दिवशी गुंगालिनच्या पोस्टात काउंटरवरच्या मुलीने पाकिटावरचा पत्ता वाचून विचारलं, “ओह, इज इट दॅट थिंग? गुड ऑन यू.” पाकीट आत पडलं. चित्रलेखाला वाटलं होतं की आता सुटल्यासारखं होईल. बाहेर पार्किंगमध्ये येऊन ती गाडीच्या दाराला धरून उभी राहिली. आता ते परत घेता येत नव्हतं. आपण केलेली गोष्ट समुद्रावरून चालली आहे, आणि ती पोचेपर्यंत आपण इथे भाजी आणायची, मीटिंगा करायच्या, दात घासायचे, हे तिला विचित्र वाटत होतं.

निकालाच्या बुधवारी इकडे दुपार होती. चहाच्या खोलीतल्या मोठ्या स्क्रीनवर नकाशा लावलेला, लोक बिस्किटं खात येत-जात होते. त्यांच्यासाठी तो क्रिकेटसारखा होता, दुसऱ्यांच्या देशातला. “मेट, पेनसिल्व्हेनिया इज गॉन,” कुणीतरी म्हणालं; तेजूला ज्याची धास्ती होती तोच तिथे जिंकत होता. दुसरा म्हणाला, जो माणूस अशा वेळी तिसऱ्या कुणाला मत देतो त्याचं डोकं तपासायला हवं. सगळे हसले. चित्रलेखाही थोडी हसली, आणि आपण हसलो या गोष्टीने ती इतकी घाबरली की तिने कप खाली ठेवला. राज्याचा आकार नकाशावर लहानसा होता, तळहाताएवढा. त्याच्यात कुठेतरी एका भाड्याच्या घरात तेजू सोफ्यावर बसली असेल, पाय पोटाशी घेऊन, स्वरदा आत झोपलेली. नजवा तिच्याजवळ येऊन उभी राहिली. ती नकाशाकडे बघत होती. “फॉर अस इट वॉज द सेम आयदर वे,” ती म्हणाली आणि किटली भरायला गेली. चित्रलेखाला तिच्याकडून काहीतरी हवं होतं. काय हवं होतं? आभार? नाही. पण आपण जे ज्याच्यासाठी केलं त्याला त्याची गरजही नव्हती, हे ऐकून आपल्या पायांखालचं काहीतरी सरकलं असं तिला वाटलं. संध्याकाळी हृषिकेशने आकडे बघून सांगितलं की सगळ्या तिसऱ्या-चौथ्यांची मतं एकत्र केली असती तरी तिथला फरक भरून निघत नव्हता. “सुटलीस,” तो म्हणाला. तिने ते आकडे स्वतः पाहिले. खरे होते. ते तिच्या डोक्याला कळले. पण भीती डोक्यात नव्हतीच. ती पोटात होती, आणि पोटापर्यंत आकडे पोचत नव्हते. तिने तेजूला मेसेज केला: कशी आहेस? दोन दिवसांनी उत्तर आलं: ठीक.

मग काही महिने तेजूच्या बातम्या तिला पुण्याहून कळायला लागल्या. तेजू आईला सांगायची, आई तिला. श्रेयस आता संध्याकाळचा फिरायला जात नाही. गाडीच्या कप्प्यात सगळे कागद ठेवलेत. तेजू दुकानात स्वरदाशी मराठीत बोलत नाही, नुसती खूण करते. “एवढं काही नाही गं,” आई म्हणायची, “कायदेशीर आहेत की ते. पण घाबरलेत दोघं.” चित्रलेखा विचारायची, माझ्याबद्दल काही म्हणते का? आई विषय बदलायची. कधी सुपरमार्केटात तांदळाच्या पोत्यांपुढे, कधी शॉवरखाली डोळे मिटले की एकच चित्र समोर यायचं. तिला एक रस्ता दिसायचा, ओळखीचा, हॅरिसबर्गच्या नदीकाठचा, आणि त्या रस्त्यावर कडेला थांबवलेली तेजूची राखाडी गाडी. गाडीची दारं उघडी आणि आत कुणी नाही. हे कुठे घडलेलं नव्हतं. तिने ते कुठे पाहिलंही नव्हतं. पण दर वेळी गाडी तीच, आणि दर वेळी मागची स्वरदाची लहान मुलांची बूस्टर सीट रिकामी. ती डोळे उघडायची. पाणी गरमच असायचं. आपल्याला शिक्षा व्हावी असं वाटतंय का, असं तिने स्वतःला विचारून पाहिलं. तसं नव्हतं. पुन्हा ती वेळ आली तर पुन्हा तोच गोल काळा करू असं तिला वाटायचं, आणि याचीच भीती सगळ्यात मोठी होती. पश्चात्ताप असता तर त्याला कवटाळून बसता आलं असतं.

जूनमध्ये, एका शनिवारी सकाळी, अंगणातल्या गवतावर गोठलेल्या दवाचा पांढरा कडक थर धरलेला असताना तेजूचा व्हिडिओ कॉल आला. इतक्या दिवसांनी स्क्रीनवर तिचं नाव पाहून चित्रलेखाचं बोट हिरव्या खुणेवर जाईना. हृषिकेशने तिच्याकडे बघितलं. तिने उचलला. तेजू स्वयंपाकघरात होती, केस वर बांधलेले, डोळ्यांखाली काळं. बारीक झाली होती.

“ताई, बिझी आहेस?”

“नाही. बोल.”

“घाबरू नकोस, काही झालेलं नाही.” तेजू भराभर बोलायला लागली. “इथे मराठी मंडळाने एक वकील बोलावला होता. त्याने सगळ्यांनाच सांगितलं, म्हणजे आमच्यासारख्या कायदेशीर लोकांनासुद्धा, की तयारी ठेवा. समजा आम्हा दोघांना एकाच वेळी कुठे थांबवलं, ठेवून घेतलं. तर स्वरदाला कोण नेणार, ते आधीच ठरवलेलं बरं. पहिल्या दिवशी शाळेतून शोभाकाकू आणतील, शेजारच्या. त्यांच्याशी बोललेय मी. पण त्यांचं वय झालंय. नंतरसाठी मी तुझं नाव दिलंय.”

चित्रलेखाला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. “माझं?”

“तुझा पासपोर्ट इथला आहे. तू आलीस तर तुला कुणी अडवणार नाही. तिचाही इथलाच. तू तिला घेऊन निघू शकतेस.”

“तेजू, पण मी…” ती थांबली. हृषिकेश उठून आत गेला. “तुला माहीत आहे मी काय केलं ते.”

“माहीत आहे.” तेजूने ओट्यावरचं काहीतरी उगीच पुसलं. “मला अजून राग आहे, ताई. मध्येच एकदम येतो. भाजी चिरताना येतो. तो जाईल असं मला नाही वाटत इतक्यात. पण मला दुसरं कोण आहे?”

 चित्रलेखाला रडू आलं असतं तर सोपं झालं असतं.  तेजूने तिचं उत्तर गृहीतच धरलं होतं, कारण ती पुढचं सांगायला लागली होती. स्वरदाला शेंगदाणे चालत नाहीत, अजिबात नाही, तेलसुद्धा नाही. इन्हेलर दप्तराच्या पुढच्या खणात असतो. रात्री एकदा उठते, हाक मारत नाही, नुसती येऊन उभी राहते, दचकायचं नाही. चित्रलेखा ऐकत होती. लिहून घ्यावं असं तिला वाटलं, पण जागचं हलवेना. तेवढ्यात स्वरदाच मागून आली आणि आईच्या कुशीतून डोकं पुढे काढून स्क्रीनमध्ये बघायला लागली. पुढचे दोन दात पडले होते.

“हाय, मावशी. इज इट विंटर देअर? इन जून?”

“हो गं, खूप थंडी आहे.”

“दॅट्स वीअर्ड.” मग थोडं थांबून तिने विचारलं, “मम्मा सेज आय माइट व्हिजिट यू. इज शी कमिंग टू?”

तेजूने स्क्रीनमधून चित्रलेखाकडे पाहिलं. ते बघणं विनंतीचं होतं. खोटं बोल, एवढंच ते म्हणत होतं. “ती पण येईल,” चित्रलेखा म्हणाली. “सगळेच या.” स्वरदाचं समाधान झालं आणि ती निघून गेली. दोघी बहिणी एकमेकींकडे बघत राहिल्या, आणि चित्रलेखाला कळलं की गेल्या कित्येक महिन्यांत त्या दोघींनी मिळून केलेली ही पहिली गोष्ट.

कॉल संपल्यावर तिने मागची खोली उघडली. तिथे हृषिकेशच्या सायकलचे भाग होते, न उघडलेली खोकी होती, इस्त्रीचं टेबल. त्यांना मूल नव्हतं आणि त्या खोलीला कधी काही नाव पडलं नव्हतं. हृषिकेश काही न विचारता खोकी गॅरेजमध्ये नेऊ लागला. दुपारपर्यंत फरशी दिसली. संध्याकाळी ते जाऊन एक छोटा पलंग घेऊन आले, तो जोडताना हृषिकेशच्या बोटाला स्क्रू लागला आणि तो ‘काही नाही, काही नाही’ म्हणत राहिला. चित्रलेखाने चादर घातली. तिची टोकं गादीखाली खोचताना तिच्या मनात एकच गोष्ट येत होती. या पलंगावर कधीही कुणी झोपू नये. उशी तिने आधी कडेला ठेवली, मग सरळ केली. जितकी खोली तयार होत होती तितकं ते दुसरं काहीतरी, जे व्हायला नको होतं, जवळ येत होतं असं तिला वाटत होतं. पण अर्धवट ठेवण्याचीही तिची छाती नव्हती.

रविवारी सकाळी तेजूनेच फोन केला. “खोली दाखव,” ती म्हणाली. चित्रलेखाने कॅमेरा फिरवला. भिंत, खिडकी, हीटर, पलंग. तेजू स्क्रीनजवळ सरकली. 

“खिडकी पूर्वेला आहे का?”

“हो.”

“सकाळी ऊन आत येतं?”

“येतं. थेट उशीवर.”

“मग जाड पडदा लाव,” तेजू म्हणाली. “उजेडाने तिला लवकर जाग येते.”

“आज लावते.”

तेजूने फोन ठेवला नाही. चित्रलेखाही कॅमेरा तसाच धरून दारात उभी राहिली, हात दुखायला लागला तरी. स्क्रीनच्या दोन्ही बाजूंनी दोघी त्या रिकाम्या पलंगाकडे बघत होत्या.